हेडफोनमधली मराठी

नवरा गेल्यावर मी लखनौ सोडून साताऱ्याला परत जाईन, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मी गेले नाही. नोकरी वनस्पतींवरच्या संशोधनाची, तीही इथेच सुरू झाली आणि इथेच संपली. महानगर कॉलनीतलं घर आम्ही दोघांनी हौसेने बांधलेलं. आणि साताऱ्यात माझी वाट बघणारं तरी कोण उरलं होतं? मुलगी लग्न होऊन टोरांटोला गेली. ती लखनौतच जन्मली, इथेच शिकली. मराठी तिला सगळी कळते, पण तोंडातून हिंदीच बाहेर पडते. "जेवलीस का गं?" म्हटलं की "हाँ मम्मा, खा लिया. आपने?" तिचे बाबा होते तोवर घरात निदान दोन माणसं मराठी बोलत होती. ते गेले, आणि काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की मी स्वयंपाकघरात स्वतःशीच मोठ्याने बोलते. "मीठ घातलं की नाही मी?" असं विचारते, आणि "घातलं, घातलं" असं उत्तरही देते.

तशातच त्या उन्हाळ्यात सीमेवर तणाव वाढला. शहरात सायरनचा सराव झाला. एका संध्याकाळी सगळ्या कॉलनीने दिवे मालवले आणि आम्ही आपापल्या गॅलरीत अंधार बघत उभे राहिलो. जुन्या शहरात इंटरनेट बंद केलं. कोपऱ्यावरचा भाजीवाला भैया रोज नवी बातमी सांगायचा. कुणाला पकडलं, कुठे काय सापडलं. त्यातलं खरं किती, ते त्यालाही ठाऊक नसायचं. मुलगी दिवसातून दोनदा फोन करू लागली आणि मला त्याचं, खरं सांगायचं तर, बरं वाटत होतं.

खालच्या मजल्यावर पोलीस खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ भाड्याने राहतात. एका सकाळी ते वर आले, चहा घेतला आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "बहनजी, आपसे एक काम था. देश का काम समझिए." त्यांच्या जुन्या ऑफिसला मराठी समजणारं माणूस हवं होतं. मंत्रालयातून मागवलेला माणूस यायला वेळ लागणार होता आणि तेवढा वेळ हातात नव्हता. मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेली, एकटी, वयस्कर. माझ्याबद्दल त्यांनी आधीच शब्द टाकला होता, हे बोलण्यावरून कळलं.

त्याच दुपारी जीप आली. ऑफिस अगदी साधं होतं. बाहेर पाटीसुद्धा नव्हती. आत कूलर घरघरत होता. जो अधिकारी समोर बसला होता तो माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. डोळे लाल, दाढी वाढलेली. बरेच दिवस झोप झाली नसावी. त्याने उठून नमस्कार केला आणि इथलं कधीही बाहेर बोलणार नाही, अशी माझी सही घेतली. म्हणून इथे मी फारसं काही सांगत नाही. कोण, कुठला, कुठल्या गल्लीतला, हे काहीच नाही.

"मैडम, एक दुकान है केमिकल का," तो म्हणाला. "वहाँ से एक आदमी ने सामान लिया, जिस पर हमें पक्का शक है. उसी हफ्ते चार-छह और लोगों ने भी लिया. उनमें से एक आपके उधर का है. गलाई का काम करता है."

गलाईवाले म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणारे लोक. आमच्या सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी भागातले कित्येक जण पिढ्यानपिढ्या देशभरच्या सराफ बाजारांत हा धंदा करतात. मी म्हटलं, "उनको तो एसिड लगता ही है. रोज़ का काम है."

"वो हमें भी पता है," तो शांतपणे म्हणाला. "तेज़ाब तो लेगा ही. पर बात क्या करता है, ये भी तो पता चले. हिंदी में बोले तो हम समझ लें. ये तो पता नहीं क्या बोलता है."

मग माझ्या कानांवर हेडफोन चढवले. समोर एक कॉन्स्टेबल टाइप करायला बसला.

पहिला आवाज आला तो एका म्हातारीचा. "जेवलास का रं बाळा?"

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. अधिकारी पुढे झुकला. "क्या हुआ? कुछ बोली?"

"कुछ नहीं," मी म्हटलं. "पूछ रही है, खाना खाया क्या."

माझं आजोळ माणदेशातलं. ती बोली मी लहानपणी सुट्टीत ऐकली, आणि आजी गेली तशी कानांआड झाली. त्या खोलीत, कूलरच्या घरघरीत, ती माझ्या कानात परत शिरली. मुलगा म्हणाला, "खिचडी टाकलीया." आई म्हणाली, "रोज खिचडी खाऊन अंगात काय राहणार हाय?" त्यात संशय घेण्यासारखं काहीच नव्हतं. मी एकेक वाक्य हिंदीत सांगत गेले आणि कॉन्स्टेबल कीबोर्ड बडवत राहिला.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची गोष्ट. तो आपल्या कानपूरच्या भावाशी बोलत होता. मध्येच म्हणाला, "दिवाळीनंतर बार उडवून देऊ. आता थांबण्यात अर्थ न्हाय." अधिकाऱ्याने लगेच हात वर केला. हा तुकडा त्यांनी आधी ऐकला होता आणि कुणीतरी त्याच्यावर खूणही करून ठेवली होती. "ये. बार उड़ाना. ये क्या है?"

मला हसू आवरेना. "शादी," मी म्हटलं. "बहन की शादी करा देंगे, ये कह रहा है. हमारे यहाँ ऐसे ही बोलते हैं. लग्नाचा बार." तो खुर्चीत मागे रेलून हसला, पहिल्यांदाच. "देखिए मैडम," म्हणाला, "आप न होतीं तो इसे उठा लाते हम." तेव्हा मला वाटलं, आपण आलो हे बरं केलं. एका माणसाला आपण वाचवलं. तसं वाटणं खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

हळूहळू मला त्या जीपची वाट बघायची सवय लागली. दुपारी जेवण लवकर उरकायची, साडी बदलायची. त्या घरातलं सगळं मला कळायला लागलं होतं. म्हातारीचा गुडघा दुखतो, म्हैस आटली आहे, धाकट्या बहिणीला मुलगा पसंत आहे पण त्याची आई फणकारी आहे. ही माणसं माझी कुणी नव्हती. तरी संध्याकाळी घरी आल्यावर मी त्यांचाच विचार करायची. एकदा गॅसजवळ उभी असताना माझ्याच तोंडून "काय करतीयास?" असं निघालं, आजीच्या हेलात, आणि मी चपापले.

मग ती दुपार आली. या वेळी बाईचा आवाज होता, तरुण. त्याची बायको. ती गावाकडे सासूजवळ राहत होती. आधीच्या फोनांवर ती थोडंच बोलायची, कारण सासू शेजारीच बसलेली असायची. आज ती कुठेतरी बाहेर येऊन बोलत होती. वारा ऐकू येत होता. आवाज अगदी खाली आणलेला.

"अवं, ऐकताय न्हवं?"

"बोल की."

"कुणाला सांगू नगा. आत्याबाईंना बी न्हाय." बराच वेळ नुसता वारा. "मला दिस गेल्यात."

त्याच्याकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "खरं?" ती म्हणाली, "व्हय. पर तिसरा महिना लागंपतूर तोंड उघडायचं न्हाय. मागल्या दोन्ही बारीला काय झालं ते ठावं हाय न्हवं?" आणि मग दोघंही रडत होते. लखनौच्या कुठल्यातरी गल्लीत तो, माणदेशातल्या कुठल्यातरी बांधावर ती. आणि मध्ये मी, हेडफोन लावून.

"फुसफुसा रही है," अधिकारी म्हणाला. "क्या छुपा रही है?"

मी हेडफोन काढून हातात धरला.

"मैडम?"

"इसका आपके काम से कोई लेना-देना नहीं."

"वो हम देख लेंगे. आप बता दीजिए."

तो उर्मटपणे बोलत नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. तो थकलेला होता. त्याच्या पुढ्यात असे किती फोन होते कोण जाणे, आणि त्यांतल्या एखाद्यात खरोखर काहीतरी असू शकत होतं. कुजबूज म्हटली की ती ऐकायचीच, हे त्याचं काम. मला ते समजत होतं. तरी जीभ उचलेना. जी गोष्ट सासूलासुद्धा सांगू नका असं ती नवऱ्याला म्हणत होती, ती मी दोन परक्या पुरुषांसमोर हिंदीत सांगायची. शेवटी मी भिंतीकडे बघत म्हटलं, "वो माँ बनने वाली है. पहले दो बार बच्चा नहीं रहा. इसलिए अभी किसी को नहीं बताना चाहती."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. कॉन्स्टेबलने विचारलं, "सर, ये लिखें?"

"मत लिखिए," मीच म्हटलं.

"लिखना पड़ेगा, मैडम," अधिकारी म्हणाला. "नहीं लिखा तो ऊपर से पूछेंगे कि उतनी देर में क्या निकला." मग थोडा विचार करून त्याने कॉन्स्टेबलला सांगितलं, "लिखो, पारिवारिक बातचीत." आणि माझ्यासाठी चहा मागवला.

चहा पिताना मी त्याला विचारलं, हे असं किती दिवस चालतं? त्याने सरळ उत्तर दिलं. आणीबाणीची वेळ असली तर आधी ऐकायला सुरुवात करता येते. वरची परवानगी नंतर ठरलेल्या मुदतीत यावी लागते, नाही आली तर बंद करावं लागतं. मी विचारलं, "आई क्या?" "आ गई." मग पुढची मुदत असते. गरज वाटली तर ती वाढते.

"आणि त्यांना कधी कळवता का?" हिंदी विसरून मी मराठीतच विचारलं. मग परत हिंदीत, "इन लोगों को बाद में बताया जाता है?"

"किसको?"

"ज्यांचा फोन आहे त्यांना. जिनका फ़ोन है."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू हे आजवर त्याला कुणी विचारलंच नव्हतं. "नहीं मैडम," तो म्हणाला. "ऐसा कोई क़ायदा नहीं है."

त्यानंतर दोन-चार दिवसांनी पोलीस त्याच्या दुकानात ॲसिडची बिलं बघायला गेले. मला ते अधिकाऱ्यानेच सांगितलं. बायकोने विचारलं, "काय झालं? आवाज असा का?" तो म्हणाला, "काय न्हाय. फोनवर नगं." बस. "फोनवर नगं." अधिकाऱ्याने याच्यावरही खूण केली, आणि मी समजावून थकले की घाबरलेला माणूस असंच बोलतो. पण त्या दिवसापासून त्यांचं बोलणंच आटलं. जेवलीस का? व्हय. तुम्ही? व्हय. बरं हाय न्हवं? बरं हाय. ठेवू? ठेव. तिची तब्येत कशी आहे, डॉक्टरकडे गेली का, हे तो विचारायचा नाही आणि ती सांगायची नाही. त्यांना कुणी ऐकतंय हे माहीत नव्हतं. तरी कुणीतरी ऐकत असावं अशा बेताने ते बोलू लागले. हेडफोनमधून आता जास्त करून शांतताच यायची. ती शांतता हिंदीत कशी सांगायची ते मला कळेना.

माझंही तसंच झालं. मुलीचा फोन आला की मी दोन वाक्यांनंतर थांबायची. जावयाची नोकरी, तिची चिडचिड, नातवाला न आवडणाऱ्या भाज्या, असं आम्ही पूर्वी किती बोलायचो! आता वाटायचं, हे सगळं कुठेतरी साठतंय. कुणीतरी बाई दुपारी जेवण लवकर उरकून हे ऐकायला येते आहे. मुलगी म्हणाली, "मम्मा, आजकल आप इतना चुप क्यों रहती हो? कुछ हुआ है?" मी म्हटलं, "काही नाही गं. उन्हाळा आहे." तिला खरं सांगता आलं असतं तर कदाचित मन मोकळं झालं असतं. पण सही केली होती, आणि सांगायचं म्हटलं तरी फोनवरच सांगावं लागलं असतं.

सीमेवरचं निवळलं. इंटरनेट सुरू झालं. भाजीवाला भैया पुन्हा टोमॅटोच्या भावाबद्दल बोलू लागला. मी अधिकाऱ्याला सांगून टाकलं, या माणसात काहीही नाही, आता मला बोलावू नका. त्याने मान डोलावली. "हमें भी यही लगता है." मला जीपपर्यंत सोडायला तो स्वतः बाहेर आला. ऊन रणरणत होतं. म्हणाला, "मैडम, आप हमसे नाराज़ हैं, मैं समझता हूँ. पर उसी दुकान वाले एक दूसरे नंबर से जो निकला, उससे एक बहुत बुरी चीज़ टल गई. क्या टली, ये मैं आपको बता नहीं सकता."

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो खोटं बोलत असेल असं मला वाटलं नाही. पण खरं आहे हे तपासायचा मार्गही माझ्याजवळ नव्हता. आयुष्यभर प्रयोगशाळेत काम केलं, पुराव्याशिवाय काही मानायचं नाही हे अंगात भिनलेलं. तिथे मात्र दोन्ही गोष्टी तशाच घेऊन मी जीपमध्ये बसले. काहीतरी टळलं असेल. आणि एका बाईची कुजबूज मी चव्हाट्यावर मांडली होती. यातली एक गोष्ट दुसरीला पुसून टाकत नाही, निदान माझ्या मनात तरी नाही.

दिवाळी होऊन गेली. त्यानंतर एकदा मी घराजवळच्या कपूरथला बाजारात गेले. तिथल्या एका दुकानात कधीमधी ज्वारीचं पीठ मिळतं. दुकानदाराने छोटीशी पिशवी काढून दिली आणि मी सवयीने पुटपुटले, "एवढंसंच?"

शेजारी उभा असलेला माणूस एकदम वळला. "मावशी, तुम्ही आपल्याकडच्या काय?"

आवाज मी ओळखला. चेहरा पहिल्यांदाच बघत होते. तिशीचा, सावळा, भट्टीपुढे बसून डोळ्यांखाली काळं आलेलं. मी "हो, साताऱ्याची" म्हटलं, तर त्याचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. "आमी बी तिकडचंच! माणदेशातलं. चौकात गलाईचं दुकान हाय. आन् ही बघा, ही बी आलीया आता हिकडं." त्याने बाहेर हाक मारली. "ए, हिकडं ये की! मराठी मावशी हायत्या."

बाहेर उभ्या केलेल्या स्कूटरला टेकून एक मुलगी होती. मुलगीच म्हणायची, विशीची. डोक्यावरचा पदर सावरत ती आत आली आणि भर दुकानात वाकून माझ्या पाया पडली. ती उठली तेव्हा माझी नजर तिच्या पोटाकडे गेली. मे महिन्यापासून मी मनात महिने मोजत आले होते, आणि पोट सपाट होतं. मी नजर काढून घेतली.

"तब्येत बरी आहे ना गं?" मी विचारलं. नव्याने भेटलेल्या कुणालाही आपण विचारतो, तसंच.

उत्तर त्याने दिलं. "मधी जरा आजारी पडली हुती. आता बरी हाय. म्हणून तर हिकडं आणली. तिथं एकटीच डोक्यात घेऊन बसायची." ती खाली बघत पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती.

"मधी जरा." ते काय ते मला ठाऊक होतं. त्या दोघांशिवाय या शहरात ते मलाच ठाऊक होतं, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायचा अधिकार मला नव्हता. काय म्हणून फिरवणार होते? मी म्हटलं, "जप हो." एवढंच.

"मावशी, या की घरी," ती म्हणाली. हेडफोनमधल्यापेक्षा तिचा आवाज पातळ होता. "रविवारी या. भाकरी करते. हितं मला बोलायला कुणीच न्हाय. समद्या बाया हिंदीत बोलत्यात, मी आपली मान हलवते."

"येईन," असं माझ्या तोंडून गेलं.

"नंबर घ्या माझा," तो म्हणाला आणि एकेक आकडा सांगू लागला. मी पर्स उघडून पेन शोधण्याचं सोंग केलं. तो नंबर मला पाठ होता. कितीतरी दुपारी तो मी समोरच्या पडद्यावर पाहिला होता. पुढचा आकडा तो उच्चारायच्या आधीच माझ्या मनात यायचा. "मिस कॉल द्या, म्हंजी तुमचा बी येईल," तो म्हणाला. मी म्हटलं, "घरी गेल्यावर देते. फोन चार्जिंगला लावलाय." फोन पर्समध्येच होता.

शनिवारपर्यंत मी जायचं ठरवत होते. नारळ आणला, खण काढून ठेवला. मग फोन हातात घेतला आणि नंबर लावायला बसले, आणि तिथेच अडकले. त्यांचं ऐकणं बंद झालंय का, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मुदत संपली, की वाढली? कुणाला विचारणार? बंद झालं नसेल तर माझा आवाज त्यात जाईल, आणि ज्या बाईने हे ऐकलं तीच आता त्या घरात बोलते आहे, हे कुणीतरी लिहून घेईल. माझ्यापायी त्यांच्यामागे नवं शुक्लकाष्ठ नको. आणि बंद झालं असेल, तरी त्यांच्या पंगतीला बसून मी काय करणार होते? ती एक दिवस विश्वासाने मला सगळं सांगेल, आणि मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं "अगं बाई" म्हणणार होते?

फोन मी खाली ठेवला. नारळ सोमवारी कामवालीला देऊन टाकला. त्या दुकानात मी आता जात नाही. पीठ पलीकडे अलीगंजच्या दुकानांत मिळतं का ते बघते, बहुतेक वेळा मिळत नाही.

रविवारी मात्र घरात असलेल्या पिठाच्या दोन भाकऱ्या थापल्या. हाताची सवय गेलेली. एक जाड राहिली, दुसरी तव्यावर टाकताना फाटली. मुलीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी जेवतच होते. "अरे, ये क्या खा रही हो?" तिने विचारलं.

"भाकरी," मी म्हटलं.

"अच्छा," ती म्हणाली, आणि मग थोडं थांबून, "कैसी बनी?"

"बरी झालीय," मी म्हटलं, आणि उरलेला तुकडा ताटात मोडत बसले.